मोजणी पुरी झाल्यावर आलेली हाक

नाव: एनॉक थेक्स्टन. वय: ५८ वर्षे. काम: वाळूवरचा वाटाड्या. राहणार: वाटाड्याचे घर, बंधाऱ्याची वाट, सँडगार्थ, परगणा लँकेशायर.
सँडगार्थ पोलीस चौकी, शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर १९५८, सकाळी १० वाजून २० मिनिटे.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, वरील ठिकाणी मी एकटाच राहतो. मला गावच्या पंचायतीने वाटाड्या नेमले आहे. त्याबद्दल राहायला घर मिळते आणि वर्षाचे मानधन मिळते. माझ्या आधी हे काम माझा थोरला भाऊ विल्फ करत होता, त्याच्या आधी वडील. विल्फ अकरा वर्षांपूर्वी याच वाळूवर भरतीत सापडून गेला. त्याचे प्रेत मिळाले नाही. बोललेच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि बोललो तर ते माझ्याच गळ्यात येऊ शकते, असे सार्जंट केलेट यांनी सुरुवातीलाच बजावले आहे. मला समजले. मी बोलणार आहे.

माझे काम असे. ओहोटीला खाडीतली वाळू उघडी पडते आणि पलीकडच्या ऑल्डहोम गावापर्यंत तीन तासांची पायवाट होते. मधला ओढा सारखा जागा बदलतो. आज जिथे घोडागाडी गेली तिथे उद्या घोडा पोटापर्यंत रुतेल. म्हणून मी दर आठवड्याला वाट चाचपून लॉरेल झुडपाच्या फांद्या रोवतो. त्या फांद्या धरून परका माणूसही चालू शकतो. पण आमच्या काठाजवळच्या शेवटच्या अर्ध्या मैलात फांद्या रोवत नाहीत, कारण तिथे ओढा रोज हलतो. तिथे काठ बघून यायचे. धुके असेल तर काठ दिसत नाही, तेव्हा मी बंधाऱ्यावर उभा राहून शिंग फुंकतो आणि लोक त्या आवाजावर येतात.

वाळूवर जाणारा प्रत्येक जण माझ्या दारावरच्या फळीवर आपल्या नावाची लाकडी खुंटी अडकवतो आणि परत आला की काढतो. फळी रिकामी झाली की मोजणी पुरी झाली. मोजणी पुरी झाल्यावर शिंग फुंकायचे नाही. वाळूवरून कोणी हाक मारली तरी नाही.

यावर जबाब लिहून घेणारे हवालदार फॉसेट यांनी विचारले, "का नाही?" हवालदार परगावचे आहेत. सार्जंट केलेट इथलेच, माझ्याबरोबर शाळेत होते. ते खिडकीकडे बघत राहिले. म्हणून मीच सांगितले. वाळूने ठेवून घेतलेली माणसे धुक्यात नाव घेऊन हाका मारतात आणि शिंगाच्या आवाजावर काठाला येतात, असे आमच्याकडे मानतात. माझ्या आजोबांनी एकदा मोजणी पुरी झाल्यावर शिंग फुंकले होते. आले कोणीच नाही. पण दुसऱ्या दिवशी तीन घरांच्या पायऱ्या ओल्या होत्या, वाळूकडून दारापर्यंत पावले होती आणि परत गेलेली नव्हती. त्या हिवाळ्यात त्याच तीन घरांतून तीन शवपेट्या निघाल्या. तेव्हापासून हाक आली की गावात खिडक्या लावून घेतात. हवालदारांनी विचारले, "हे खरंच लिहू?" मी म्हणालो, "लिहा. शाई सरकारची आहे."

गुरुवार, दिनांक २० रोजी सात माणसे वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला दोन गाड्या घेऊन गेली. सात खुंट्या लागल्या. साडेबाराच्या सुमारास धुके उतरले. मी शिंग सुरू केले. सव्वादोनपर्यंत सातही जण परत आले. शेवटची खुंटी मार्था ब्रॉकबँक हिने काढली. ती म्हणाली, "थेक्स्टन, तुझ्या शिंगाला सर्दी झालीय का रे? गाय विते आहे असं वाटलं." मी म्हणालो, "पोहोचलीस ना? मग गाईला बोल लावू नकोस." सगळे हसले आणि घरोघर गेले. मी शिंग बंद केले.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी वाळूवरून हाक आली. मी बंधाऱ्यावरच होतो. पुरुषाचा आवाज होता: "एनॉक! शिंग फुंक!" तो आवाज माझ्या भावाचा होता. चुकण्याचा प्रश्न नाही, एका खाटेवर झोपून आम्ही मोठे झालो. अशी हाक तीनदा आली. मी फळी पाहिली. फळी रिकामी होती. मी घरात जाऊन शिंग भिंतीवर टांगून आलो.

त्याच वेळी गावातल्या खिडक्या लागल्याचे आवाज मी ऐकले. ओळीने, बंधाऱ्यापासून वर चर्चपर्यंत. कोणी कोणी लावल्या ते मी सांगणार नाही. वाटाड्याचे काम त्यांनी अंगावर घेतलेले नव्हते. चौकीची खिडकी तेव्हा उघडी होती की बंद, असे मी सार्जंट केलेट यांना विचारले. उत्तर लिहून घेतलेले नाही.

साधारण दहा मिनिटांनी बाईचा आवाज आला: "काका! एनॉक काका!"

मला काका म्हणणारी या जगात एकच व्यक्ती होती. माझी पुतणी, विल्फची मुलगी मेव्हिस, वय २३, ऑल्डहोमच्या पुढच्या शहरात इस्पितळात नर्स. ती शनिवारी, म्हणजे आज, यायची होती. तिचे पत्र मी चौकीत जमा केले आहे. त्यात तिने लिहिले आहे, "आगगाडीनं वळसा घालून आले तर बाबा वाळूतून उठून कान धरतील. तुमच्या फांद्यांवरून चालत येते. आईला सांगू नका, आत्तापासून चहा उकळत ठेवेल." तिची इस्पितळातली कामाची पाळी बदलली म्हणून ती दोन दिवस आधी निघाली, हे मला काल कळले. पलीकडून येणाऱ्याची खुंटी माझ्या फळीवर नसते. पूर्वी लोक फार ये-जा करत, तेव्हा पलीकडच्या खानावळीतून निरोप येई. आता हिवाळ्यात कोणी येत नाही म्हणून ती पद्धत मोडली. मोडली तेव्हा मी काही बोललो नाही.

हाक ऐकून मी आत गेलो आणि शिंग भिंतीवरून काढून आणले. ओठांनाही लावले. पहिल्या हाकेला कोणी ओ दिली नाही तर वाळूतली माणसे आपल्या आवडत्या माणसाचा आवाज उसना घेतात, असे आई सांगायची, ते मला आठवले. मी फुंकले नाही. हवालदारांनी कारण विचारले. मी भ्यालो. दुसरे कारण शोधत बसू नये.

ती किती वेळा हाक मारत होती असेही विचारले. चौदा वेळा. मला मोजायची सवय आहे. चौदाव्या हाकेनंतर पुन्हा एकदा पुरुषाचा आवाज आला. या वेळी शिंगाचे काही म्हणाला नाही, नुसते "एनॉक" म्हणाला. लहानपणी मी काही तोडले-फोडले की तो असेच म्हणायचा. साडेतीनला भरतीचा आवाज आला. त्यानंतर काही ऐकू आले नाही.

शुक्रवारी दुपारी ओहोटीला मी स्वतः गेलो. मेव्हिस शेवटच्या फांदीपासून चाळीस पावलांवर मिळाली. तिने आपला रुमाल त्या फांदीला बांधून ठेवला होता, म्हणजे वाट चुकली तर तिथे परत येता यावे. तिच्या वडिलांनी शिकवलेली रीत. पोर सगळे बरोबर करत आली होती. मी तिला उचलून आणले.

तिची आई, माझी वहिनी हिल्डा, बंधाऱ्यावर उभी होती. तिने मला एकच विचारले, "आधी त्याचा आवाज आला, ना?" मी हो म्हणालो. घरी जाऊन तिने वाळूकडची खिडकी सताड उघडली. कालपासून ती उघडीच आहे. एवढ्या थंडीत.

सार्जंट केलेट यांनी मला कायदा समजावला. ते म्हणाले, "रस्त्यानं जाणाऱ्या परक्यानं तळ्यात बुडणारा माणूस पाहिला आणि टोपी सारखी करून पुढं गेला, तर आपल्या इंग्लंडात कायदा त्याला हात लावत नाही. लोक थुंकतील, कोर्ट नाही." मी विचारले, "आणि सख्खा काका असला तर?" ते म्हणाले, "पोरगी सज्ञान होती. काका म्हणून तुझ्यावर बोट ठेवता येणार नाही. वाटाड्या म्हणून येईल. तू काम अंगावर घेतलंस, तुझ्या भरवशावर लोक चालतात." म्हणजे काकाने ऐकून न ऐकल्यासारखे केले तर चालते, नोकराने केले तर गुन्हा. कायदा मला समजला, पटला नाही.

नंतर ते म्हणाले, "एनॉक, फळी रिकामी होती. बाहेर कोणी असेल हे तुला कळायला मार्ग नव्हता. माणसाचं वय झालं की कान जातात. ऐकलं नसशील तर तसं सांग." त्यांचा हेतू चांगला आहे. पण माझे कान शाबूत आहेत. मी ऐकले, ओळखले, शिंग हातात होते आणि मी उभा राहिलो. खटला व्हायचा तो होऊ दे.

माझी हरकत एकाच गोष्टीला आहे. सार्जंट म्हणाले, "पुरुषाचा आवाज गाळू या. कोर्टात हसतील. बाईचा एकच लिहू." तसे लिहिल्यास मी सही करणार नाही. विल्फ अकरा वर्षांत एकदाही आला नव्हता. काडीचाही त्रास दिला नाही कोणाला. आला तो पोरीसाठी. आणि आम्ही साऱ्या गावाने त्याच्या तोंडावर खिडक्या लावल्या. ही गोष्ट मला फार लागली आहे. लोकांना हसायचे तर हसू दे. आवाज दोन होते.

माझी एक विनंतीही लिहून घ्यावी. आज पहाटेपासून धुके आहे. शिंग पुरावा म्हणून लाखेची मोहर लावून या टेबलावर ठेवले आहे. माझ्यानंतर ज्याला नेमाल त्याला सांगा, फळी बघू नकोस. हाक आली की फुंक. कोण आहे ते नंतर बघ.

हा जबाब हवालदार फॉसेट यांनी मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. "रीत" या शब्दापर्यंत आल्यावर, म्हणजे १२ वाजून ५ मिनिटांनी, वाचन थांबवावे लागले. वाळूवरून हाक आली. तिघांनीही ऐकली. सार्जंट केलेट खिडकी लावायला उठले, अर्ध्यात थांबले आणि माझ्याकडे बघून त्यांनी ती पूर्ण उघडली. मी मोहर मोडून शिंग घेतले आणि दारात उभा राहून ते फुंकले, अकरा वेळा. मोहर मोडणे हा वेगळा गुन्हा असल्यास तोही मला कबूल आहे. काठाला कोणी आलेले दिसले नाही. परत वळलो तेव्हा चौकीची पायरी ओली होती.

दार आणि खिडकी उघडी ठेवून उरलेला जबाब वाचून दाखवला. मी सांगितल्याबरहुकूम आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. एवढेच जोडावे की, वर मी चौदा हाका सांगितल्या आहेत. आजची धरून पंधरा.

सही: एनॉक थेक्स्टन
समक्ष: एच. केलेट, सार्जंट