शिल्पाचा पहिला नंबर

आमच्या भोकरच्या आत्यानं लातुरात टँकर कसा थांबवला, ते सांगितलं का तुम्हाला? न्हाई? मग चहा ठेवा खाली, न्हाईतर सांडंल.

दुष्काळाचं साल. पुण्याच्या एका कलाकारानं रस्त्याच्या कडेला भंगारातल्या फुटक्या घागरी आन ड्रम ओळीनं सिमेंटात रोवले होते. लई नाव झालतं त्याचं, म्हणून आत्याला दाखवायला नेलं. त्या साली माणसं चप्पल विसरायची, पण कॅन घेतल्याबिगर घराबाहेर पडायची न्हाईत. आत्यानं शिल्प बघितलं आन आपला कॅन गुपचूप ओळीच्या शेवटी ठेवला.

"आत्या, ही कला हाय!" मी म्हणलं.

"असू दे की. नंबर तर लागला."

तिचा कॅन बघून समोरच्या बाईनं कळशी ठेवली. मग सगळी गल्लीच लोटली. एवढी रांग बघून रस्त्यानं जाणारा पाण्याचा टँकरबी थांबला.

तेवढ्यात कलाकार धावत आला. "अहो, हे शिल्प आहे! यात पाणी भरायचं नाही!"

"मग उचल तुझी भांडी," आत्या म्हणली. "आमचा नंबर पुढं येऊ दे."

"उचलता येत नाहीत, सिमेंटात आहेत!"

टँकरवाला वैतागला. "मी पहिल्या नंबरापासूनच भरणार. मागून मला भांडणं नकोत."

कलाकार तसाच पळत सुटला. आम्हाला वाटलं, आता पोलीस आणतो. पण आला तो लॉजवरच्या दोन बादल्या घेऊन.

"मावशी, सरका जरा. पुढचे सगळे नंबर माझे आहेत."