खाडीपार सोडायचं मांजर

बोरिवलीच्या धक्क्यावर गोराईची होडी यायची होती. सुलक्षणा मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. सासूबाईंनी बजावलं होतं, दूधचोर मांजर खाडीपलीकडेच सोड, पाणी ओलांडून ते परत येत नाही. शेजारी, भाजी विकून घरी निघालेली गोराईची बर्था आणि सुकी मासळी आणायला चाललेला म्हातारा काशीराम यांची जुंपली होती.

“पाळावा तर कुत्रा! माझा झेवियर बोटीवर नोकरीला गेला, तर आमचा टायगर रोज पलीकडच्या धक्क्यावर बसायचा.”

“मग आला झेवियर?”

“आला, टायगर गेल्यावर.”

“बिचारा! मांजराचं तसं नाय गो.”

“मांजराला माया कुठे रे? दूध दिसलं की घातलं तोंड.”

“अगो, मिलसाठी आम्ही गाव सोडला, तेव्हा कुत्रा रडत बंदरापर्यंत आला. मांजरीनं मान वळवून बघितलंपण नाय.”

“बघ!”

“ऐक तर. वर्षानं गणपतीला कुलूप काढलं. थंड चुलीवर ही बसलेली. कौलांतून येत-जात होती. माझ्या आयेला बघून अशी म्यावली, जशी काय आम्ही बाजारातून आलो. घर आम्ही सोडलेलं गो, तिनं नाय.”

होडी लागली. बर्थाने उठून हात पुढे केला.

“चल पोरी, पिशवी दे इकडे.”

“नको मावशी. मी नाही येत.”

“मग एवढा वेळ बसलीस कशाला?”

पिशवी हलली, म्यावली.

“घरचंच माणूस आहे. चुकून घेऊन आले.”