पुलावरून चालत

"माणसानं आयुष्यात एकदा तरी समुद्र पायी ओलांडावा!" ल्यूकनच्या सुपरमार्केटबाहेरच्या रांगेत दत्तात्रयांनी मास्कच्या आतून जाहीर केलं.

"आधी दोन मीटर पुढे व्हा. रांग सरकलीय," विद्याताई म्हणाल्या.

मुलाकडे परदेशात दोन महिन्यांसाठी आलेलं हे जोडपं लॉकडाउनमुळे वर्षभर इथेच अडकलं होतं. रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कौमुदीला मराठी कळतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिनंही कळू दिलं नाही.

"गेल्या वर्षी याच सुमारास आपण जपानात, एनोशिमाच्या पुलावर असणार होतो," दत्तात्रय म्हणाले.

"आणि पलीकडे बेटावरच्या देवळात आपलीच सरस्वती. जपानी वीणा घेऊन बसलेली."

"पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

"ते माझ्या गुडघ्यांना सांगा."

"अगं, पुलावरून गाड्याही जातात."

"गाडीतून बघायला फोटो काय वाईट आहेत? मला चालत जायचंय. दोन्हीकडे पाणी, आणि समोरचं बेट हळूहळू मोठं होत जाणारं."

"सध्या सरकारनं घरापासून पाच किलोमीटरच फिरायची मुभा दिलीय. त्यात समुद्र बसत नाही."

"खरंच न्याल?"

"नेईन."

"चालत?"

"चालत."

"मग जरा हात द्या. मला हा फुटपाथ चढवत नाहीये."