चारशे बारा वाचकांची संमती

संगणकाच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता, मंडळी. तुरीच्या डाळीएवढा. शेजारी बारीक अक्षरं — ‘वापराची माहिती गोळा होत आहे.’ आता ऐका. दुसऱ्याच्या मनातली गोष्ट आपल्या हाती आली, तर ती तिसऱ्याला द्यायचा हक्क आपल्याला कुणी दिला? देवळात बसलोय, खरं सांगा. नाही सुचत? मग नांदिवड्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल सुहासिनी बोकीलबाईंना विचारू.

वाचनालयात संगणक आला, तेव्हा वाचनालय समितीचे अध्यक्ष बबनराव तावरे यांनी नारळ फोडला, यंत्राला कुंकू लावलं. पडद्यावर प्रश्न आला — सर्व वाचकांची माहिती गोळा करायला संमती आहे? बाई म्हणाल्या, “वाचकांना विचारायला हवं.”

“मुहूर्त टळतोय, बोकीलबाई. दाबा.”

बाईंनी दाबलं. माणसं चारशे बारा, आणि बोट एक! अहो, लग्नातसुद्धा निदान दोघांना विचारतात. विचारतात ना?

तेव्हापासून दर सोमवारी समितीच्या मोबाइलवर यादी जाऊ लागली. कोणी, कुठलं पुस्तक, किती वेळा नेलं. चहाच्या टपरीवर अध्यक्ष म्हणाले, “काय कदम गुरुजी, मूळव्याधीचं पुस्तक तीनदा? बसून वाचलंत का उभ्यानं?” सगळे हसले. तुम्हीही हसलात आत्ता, मी पाहिलं. बाईही हसल्या होत्या. पण गुरुजी पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

हे बंद करता येत होतं. सेटिंग उघडायचं, बटण सरकवायचं, साठलेल्या याद्या पुसायच्या. बाईंना पाच महिने ठाऊक होतं. पण त्यांची नेमणूक दरवर्षी समितीच वाढवायची. मग काय — पुढच्या सोमवारी बघू, त्याच्या पुढच्या सोमवारी बघू.

एका गुरुवारी रेश्मा आली. अध्यक्षांची सून. टेबलावर पुस्तक ठेवलं — घटस्फोटाच्या कायद्याचं.

“बाई, हे नेलं तर घरी कळेल का?”

बाईंनी हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं.

“वकिलाकडे जायच्या आधी कळलं, तर मला माहेरी सोडून येतील. लेकीला ठेवून घेतील.”

बाईंनी पुस्तक तिच्या पिशवीत घातलं. ती गेल्यावर सेटिंग उघडलं, बटण सरकवलं, याद्या पुसल्या. ठिपका विझला. शूर झाल्या म्हणता? थांबा. अजून कुणाला सांगितलं कुठे होतं!

सोमवारी यादी गेली नाही. मंगळवारी समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, “यंत्र बिघडलं का, बोकीलबाई?”

केवढी सोय बघा, मंडळी. नुसतं ‘हो’ म्हणायचं. मग दुरुस्तीवाला येणार आणि सगळं पुन्हा चालू करून जाणार. आणि तुम्ही? फोननं विचारलं तेव्हा न वाचता ‘मान्य’ दाबलंत ना? त्यात शेजारणीचा नंबर गेला, भावजयीचा फोटो गेला. त्यांना विचारलंत? आज घरी जाऊन ते बटण शोधा. पण गुपचूप बंद करणं हे अर्धंच काम. मागणाऱ्याच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे.

बाई टेबल धरून उठल्या.

“बिघडलं नाही, अध्यक्षसाहेब. मी बंद केलंय. हवं तर माझी नेमणूक काढा. पण कोण काय वाचतं, ते मी यापुढे कुणालाही कळू देणार नाही. तुम्हालाही नाही.”