आकाशातून धाडलेलं ‘पोचलो’

मंडळी, आज घसा बसलाय. गावोगाव फिरून दमलोय मी. पेटीवाले, सूर जरा खालीच ठेवा. आणि एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर द्या. खोटं बोलू नये, हे लहान पोरालाही ठाऊक! पण माणूस दमलाय, समोरच्याचं भलंच व्हावं असं वाटतंय, आणि खोटं आहे फक्त एका शब्दाचं — तर चालतं का? माना हलवू नका. आधी ऐका!

पुण्यात एक प्रदीप टेंबे. पाण्याचे पंप विकणारी कंपनी, तिथला हा साहेब. साहेब कसला, घाण्याचा बैल! आज चेन्नई, उद्या इंदूर. बायको म्हणायची, “घरी येता की मुक्कामाला?” आणि आई मिरजेत, एकटी. इंदूताई. सत्तरी उलटलेली, त्यात साखरेचा आजार.

या माउलीचा एक नेम होता. लेक विमानात बसला, की देव्हाऱ्यातला पितळेचा बाळकृष्ण उचलायचा आणि पातेल्यातल्या पाण्यात ठेवायचा! पोरगं सुखरूप उतरेपर्यंत देवाची सुटका नाही. आणि हिच्या तोंडात घास नाही. लेकाचं ‘पोचलो’ आलं, की देवाला बाहेर काढायचं, पुसायचं, मग ताट वाढायचं. म्हणजे बघा — पोरगा आकाशात, देव पाण्यात आणि म्हातारी उपाशी!

हसा, हसा. प्रदीपही हसायचा. इंजिनियर ना तो!

पूर्वी विमानात फोन बंद ठेवायला लागायचा. प्रदीपला तेवढीच विश्रांती. दोन-अडीच तास तो कुणाचा साहेब नाही, कुणाचा नोकर नाही. डोळे मिटायचे, बस. पण आता विमानातही इंटरनेट आलं! कंपनीनं पैसे भरले आणि गड्याची ती झोपही गेली.

त्या दिवशी तो कोलकात्याला निघालेला. शेजारचा गृहस्थ फोनवर बायकोला विचारतोय — “गॅस बंद केलास का गं?” अरे, ढगांच्या वर बसलायस! वर जाऊनही गॅसच? हवाई सुंदरी येऊन सांगते, “सर, मेसेज करा, बोलू नका.” हा मान डोलावतो आणि तोंडावर रुमाल धरून पुन्हा सुरू!

इकडे प्रदीपचा फोन थरथरतोय. वरच्या साहेबाचा मेसेज. गिऱ्हाइकाचा मेसेज. पुन्हा साहेबाचा. आणि मग आईचा — “पोचलास का रे?”

विमान उशिरा निघालेलं. उतरायला अजून तास होता. प्रदीपनं घड्याळ बघितलं. आई सकाळपासून उपाशी असणार, साखर उतरली तर चक्कर येईल. उशीर का झाला, हे समजावत बसायचं त्राण नव्हतं त्याच्यात. शिणला होता हो बिचारा! बोटानं लिहून टाकलं — “पोचलो. जेव.”

लगेच उत्तर — “देव काढला. पिठलं-भात गरम करते.”

सुटलो, म्हणाला. डोळे मिटले.

आणि विमान धाडकन खाली आलं! कोलकात्यावर वादळ. पुन्हा दणका! कुणाचा चहा सांडला, कुणाचं पोर किंचाळलं. गॅसवाला गृहस्थ सीटचा दांडा धरून गप्प. आणि प्रदीपच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? पुसून कोरडा केलेला बाळकृष्ण!

मंडळी, देव पाण्यात असला म्हणून विमान तरंगतं का? नाही. मलाही कळतं. पण आपल्यासाठी कुणीतरी जागं बसलंय, हा आधार असतो ना? तो त्यानं स्वतःच्या हातानं सोडून दिला होता. त्याला राहवेना. फोन लावला.

“आई, जेवतेयस?”

“हे काय, पहिलाच घास. हॉटेल बरं आहे ना रे?”

तेवढ्यात वरून आवाज — ‘पट्टे बांधून ठेवा, उतरायला वेळ लागेल!’

इंदूताई थांबल्या. “कोण बोललं रे हे?”

त्यानं घाईघाईनं फोनवर हात धरला.

“प्रदीप, तू अजून वरच आहेस?”

“...हो, आई.”

ती रागावली नाही. ओरडली नाही. प्रदीपला फोनमधून ताट सरकवल्याचा आवाज आला. मग पातेल्यात पाणी ओतल्याचा. आणि फोन कटला.

विमान उतरलं, सुखरूप! जमिनीला चाक टेकताच त्यानं फोन लावला. “आई, पोचलो! खरंच पोचलो! तुझी शपथ!”

“बरं,” ती म्हणाली.

“जेव आता.”

“बघते.”

संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन — “अरे, इंदूताईंनी बळेबळे दोन घोट दूध घेतलंय. देव पाण्यातच आहे. म्हणतात, तो समोर दिसू दे, मग काढते.”

काम टाकून प्रदीप उलटा फिरला. परतीच्या विमानात फोन बंद. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या घरात शिरला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग पाण्यात हात घालून देव काढला, पदरानं पुसला आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, “अरे, मी काय देवाच्या भरवशावर जेवत होते का? तुझ्या शब्दावर जेवत होते.”

तिथंच खाली बसला हो तो!

आता तुमच्याकडे वळतो. ‘निघालो, पाच मिनिटांत पोचतो’ म्हणताना कुणाकुणाच्या अंगाला साबण असतो? त्या मागच्या खांबाआडच्यांनो, दिसताय मला! तुम्ही दमलाय, कबूल. मीही दमलोय. पण पलीकडे आपल्या एका शब्दावर कुणीतरी ताट वाढून घेतं, तेवढं ध्यानात ठेवा.

आणि रोज देवापुढे हात जोडून आपण काय म्हणतो? तुझ्या पायाशी आलो! मन बाजारात, डोळे घड्याळावर — आणि म्हणतो, आलो! तो बिचारा ऐकून घेतो. पण एखाद्या दिवशी त्यानं हळूच विचारलं — “आलास? की अजून वरच आहेस?” — तर काय सांगाल, मंडळी?