पेटीले लावलेला चुना

तुमी पेटीचं इचारलं म्हनून सांगते, ताई. माहेर माहं बोरी अरबकडचं, लगीन करून आली थे इकडं मुकुटबनच्या अल्याड, या वस्तीत. नऊ घरं आमची. मालक वावरात मजुरीले, मी बी. पानी गावच्या इहिरीचं, पन दोराले हात लावाचा नाही, खाली घागर धरून उभं राहाचं, कोनी वरून वतलं तं वतलं. छप्पन साली नागपूरले जाऊन धम्म घेतला, अन् वापस आल्यावर ठरवलं का आता कोनापुढं घागर धराची नाही, आपली इहीर आपन खंदू. खंदली. पानी लागलं, सगळ्यायनं एक एक घोट घेतला अन् थुकला. खारं होतं, ताई. डाळ शिजे ना त्यात.

मंग मालकाच्या वळखीचे एक मास्तर आले, शाळेत विज्ञान शिकवत. म्हने समुद्राचं पानी बी लोकं उन्हावर गोड करतात, मंग हे काय. समुद्र मी पाह्यला नाही, अजून बी नाही. त्यायनं पेटी बनवली, खाटेएवढी, खाली उथळ टाकं, त्याले आतून डांबर, वरून उतरती काच. खारं पानी आत वता, ऊन तापलं का वाफ काचेले धरे अन् गोड पानी घसरत घसरत पन्हाळीतून घागरीत. दिवसभरात अर्धी घागर. ठरलं का थे पानी बाळंतिनीले अन् बिमार मानसाले. पेटी राखाचं काम माह्याकडं आलं, काहून का मी लै नीटनेटकी. हसू नका, हायेच मी तशी. काचेवर धूळ बसू देऊ नोका, मास्तरनं सांगतलं, तं मी दिवसातून तीनदा पुसत होती. आतून काळं कायले, थे ना मी विचारलं ना त्यायनं सांगतलं.

वैशाखातली पुनव आली, बुद्ध जयंती. गाव आमाले घान म्हने, म्हनून आमी घरं चुन्यानं पांढरीफट्टक केली, पांढरे लुगडे काढले. मी पेटीकडं पाह्यलं. प्याच्या पान्याच्या भांड्यात काळं? बाहेरगावचे लोकं येतीन, काय म्हनतीन? काच काढली, टाकं घासलं, दोन हात चुना दिला, सुकवला, काच बसवली. लोकं म्हने काय साजरी दिसून राह्यली. मले बी लै बरं वाटलं, खरं सांगते.

त्याच आठवड्यात कुसुमले, माह्या तीन वर्साच्या पोट्टीले, हगवन लागली. डॉक्टर म्हने खारं पानी देऊ नोका, गोड पानी घोट घोट पाजत राहा. अन् पेटीत पानीच उतरे ना. तांब्याभर बी नाही. ऊन तं आग ओकून राह्यलं होतं. मी काच पुसली, पुन्हा पुसली. मालक म्हने मी जातो गावच्या इहिरीवर, घागर धरतो, पोट्टीसाठी कायची लाज. मी म्हनलं नोको जाऊ, ऊन पाह्य कसं तापलं, उद्या उतरन पानी. दुसऱ्या दिवशी बी हेच म्हनलं, पन्हाळीतले थेंब तेवढे पोट्टीच्या ओठाले लावले. तिसऱ्या दिवशी त्यानं माह्यं ऐकलं नाही, गेलाच. पानी आनलं बी, कोन्या बाईनं मुकाट्यानं वतलं म्हने. पन तवा पोट्टी गिळे ना. दुपारी गेली.

आठ दिवसानं मास्तर भेटाले आले. पेटीत पाह्यलं अन् तिथंच खाली बसले. म्हने काळं ऊन पेते, पांढरं वापस फेकते. येवढंच. माह्यावर रागावले नाही. रागावले असते तं बरं झालं असतं. मालकानं बी आजवर मले बोल लावला नाही. काय सांगू तुमाले, मले रडू आलंच नाही. बायायनं लै रडवून पाह्यलं, आतमधी काही हाललं नाही. मी डांबर मागतलं अन् लावलं.

आता नऊ वर्सं झाली. दोन पोट्टे हायेत, शाळेत जातात. इहीर खारीच हाय, पेटी बी हाय, एक काच तेवढी बदलली. वैशाखात सगळी वस्ती चुना लावते, मी त्या दिवशी पेटीले डांबर लावते. हाताचं आठ दिवस निघत नाही. माह्यं घर मातीचंच राहू दिलं.

उठू नका, बसा अजून. हे पानी घ्या, पेटीचंच हाय. तुमचे लेकरं सुखी राहो. सगळं प्या ताई, खाली ठेवू नका.