फुगलेला पत्रा

अजून डोकं तापलेलंच आहे माझं, म्हणून सांगते. आमच्या जुन्या मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, एका बाजूचा पत्रा पोट सुटल्यासारखा फुगला होता. खिडकीतून पाणी झिरपून आतलं लाकूड कुजलं होतं. पत्रा मी उतरवला. कुजलेलं लाकूड मी खरवडून काढलं, नव्या फळ्या कापून ग्लूने बसवल्या त्याही मीच. माझा नवरा विवेक आला तो शेवटी, पत्रा परत लावताना एक टोक धरायला.

रविवारी जवळच्या पार्सिपनी गावात राहणारे आमच्या ओळखीचे देशपांडेकाका आले. पत्र्यावरून हात फिरवत म्हणाले, "विवेक, काय सपाट केलायस रे! अनघा, तू वरचेवर चहा देत असशील."

विवेक नुसता हसला. माझं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

काका खूश होऊन म्हणाले, "माझ्याही गाडीचा पत्रा असाच फुगलाय. शनिवारी येशील?"

"येऊ की आम्ही," विवेक म्हणाला.

"मी नाही येणार, काका," मी म्हटलं. "तो एकटाच येईल. फक्त टूल्स तुमची द्या त्याला. माझी मी देणार नाही."